शेवटचा कान

दुपारी जेवून मामाच्या दुकानात, धारवाडहून परत आलेल्या तंबोऱ्याशेजारी आडवी होते. हात त्याच्या भोपळ्यावर राहतो. झोप लागण्याआधी एक क्षण असा येतो की आवाज कमी होत नाहीत, फक्त त्यांच्या दिशा पुसट होतात. तो क्षण मला पकडायचा आहे. पंखा कुठे, रस्त्यावरची रिक्षा कुठे, ते मी तपासत राहते. मग रिक्षा पंख्यात शिरते आणि समोर सुबरावमामा बसलेला असतो.

मामा चैत्रात गेला. त्यालाही ते माहीत असावं, पण तो विषय काढत नाही. मांडीवर तंबोरा, हातात कानस. तार जिच्यावरून जाते ती घोडी केसभर घासतो, फुंकर मारतो, तारेखालचा सुती दोरा जरा सरकवतो. त्याची सारी विद्या एवढ्यात होती. दोरा नेमका बसला की तार गुंजते, केसभर चुकला की सगळं सपक.

पन्नाशीनंतर ती वरची झणझण त्याला ऐकू येईना. वयाबरोबर वरच्या कंप्रतेचे बारीक आवाज जातातच, असं मी आलेख काढून समजावलं होतं. "मग शेवटचा कान तुझा," तो म्हणाला होता. तेव्हापासून माझ्या होकाराशिवाय एकही तंबोरा मिरजेबाहेर गेला नाही.

"ऋजे, ऐक की," तो म्हणतो. "ह्यो धारवाडच्या बाईंचा."

तो तार छेडतो. ती थरथरताना मला स्पष्ट दिसते, मधे जाड, टोकांना बारीक. आवाज मात्र येत नाही.

आम्ही आता पुण्याच्या माझ्या प्रयोगशाळेत आहोत. मामा स्टुलावर, पाय अधांतरी. आवाज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेषा सरळच्या सरळ. मी जोडण्या तपासते, पुन्हा तपासते.

"पगार घेतंय काय गं हे यंत्र?" मामा विचारतो.

त्या खऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा जवळ आली होती. त्याने इथे दुकानात हाच तंबोरा छेडला तेव्हा मी पुस्तकातून मान वर न करता "छान झालाय" म्हणाले होते. महिन्याभरात तंबोरा परत आला. बाईंनी अदबीने लिहिलं होतं, आवाज सपक वाटतो. मामाने मला कळवलंच नाही. तंबोऱ्याला हातही लावला नाही. मामीला एवढंच म्हणाला, माझा हात गेला. आठवड्याने मामाच गेला. हे सगळं मामीने मला तेराव्यानंतर सांगितलं.

प्रयोगशाळेची भिंत एसटीच्या फलाटाला लागते. मामा तंबोरा गोधडीत गुंडाळतो आहे. धारवाडची गाडी उभी आहे.

"सांग की लवकर. कसा वाटतोय?"

"मामा, त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं."

तो कानामागे हात धरतो. मी पुन्हा सांगते, मोठ्याने, मग स्वर जितका खाली नेता येईल तितका नेऊन. माझे ओठ तो लक्ष देऊन बघतो आणि मान हलवतो.

"वरचं ऐकू येत न्हाई मला, माहीत हाय की तुला."

कंडक्टर हात करतो. मी गोधडीची गाठ धरते, ती माझ्या हातात राहत नाही.

"घाई असंल तुला," मामा म्हणतो. "ऱ्हाऊ दे."

जागी होते. पंखा वर आहे, रिक्षा बाहेर. उजव्या चिमटीत एक सुती दोरा, इतका घट्ट धरलेला की बोटावर वळ उठलाय. तंबोऱ्याच्या तिसऱ्या तारेखाली दोरा नाही.

तो पुन्हा तारेखाली घालते. घोडीवर जुन्या दोऱ्याची बारीक खूण आहे, तिथेच बसवते आणि तार छेडते. सपक. खुणेपासून केसभर अलीकडे सरकवते. तार उघडते, गुंजन दुकानभर पसरतं आणि विरायला बराच वेळ घेतं. मी ते शेवटपर्यंत ऐकते.

मामाची घोडी बरोबर होती. त्या दिवशी मी दोरा सरकव म्हणायला हवं होतं, तेवढंच.