बंडीतून येणारा दुसरा मास्तर

आमच्या शाळेला दोन मास्तर. एक रोजचा, आणि एक दिपोटी येईल त्या दिवसापुरता.

गंमत म्हणून लिहीत नाही. सरकारचा नियम आहे, की चौथीपर्यंतच्या शाळेत निदान दोन मास्तर, बसायला बाकं, भिंतीवर नकाशा आणि घड्याळ असलं पाहिजे. नाहीतर ग्रँट बंद. शाळा चालवणाऱ्या आमच्या लोकल बोर्डाच्या ताब्यात अशा पुष्कळ शाळा. सगळ्यांना सामान घ्यायचं म्हणजे खर्च. मग बोर्डानं डोकं चालवलं: सामान एकदाच घ्यायचं आणि बैलबंडीत घालून गावोगाव फिरवायचं. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी साहेब, ज्या गावी जाणार तिथं बंडी त्याच्या आधी हजर. साहेब घोड्यावर, नकाशा बैलांवर, आणि तरी बैलच नेहमी पुढं!

बंडीत बाकांच्या वर, घड्याळ मांडीवर घेऊन, दुसरा मास्तर बसलेला असे. हा बोर्डाच्या कचेरीतला नकला उतरवणारा कारकून. फेटा बांधून तासभर चौथीपुढं उभा राहिला, की त्याचं काम झालं.

या वर्षी माझी बहीण तिसरी पास झाली. आमचा रोजचा मास्तर पहिलीच्या पोरांना बाराखडी घोकवण्यात आणि गावाची पत्रं वाचून दाखवण्यातच संपतो. चौथीनं नुसतं बसायचं. मुलाला मोताळ्याच्या मोठ्या शाळेत पाठवता येतं, मुलीला कोण पाठवतो? आईनं सांगूनच टाकलं, "नुसतं बसाचं असन तर शायेत कायले? वावरात ये. कापूस तरी वेचनं होईन."

मी बोर्डाकडे अर्ज केला, की दुसरा मास्तर द्या. उत्तर आलं, की अहवालावरून तुमच्या शाळेत दोन मास्तर आहेत, अर्जाचं कारण उरत नाही. अहवाल लिहिणारं बोर्ड, अर्ज फेटाळणारंही तेच बोर्ड. दरोडेखोरालाच फौजदार केल्यावर दुसरं काय होणार?

दिपोटी आला. भिंतीवर नकाशा होता, आणि नकाशात लंकेवर शाईचा मोठा डाग. साहेब त्यापुढं थांबला.

"लंका अजून जळतेच आहे वाटतं," तो म्हणाला. "मागच्या गावीही जळत होती."

मास्तर हसला, कारकून हसला, साहेबही हसला. हसत हसतच त्यानं सही केली आणि पाटलाकडे जेवायला गेला. मला वाटत होतं, साहेबाला फसवलं जातं. छे! सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक असूनही सही होते, हाच तर कारभार.

बंडीवाला सामान भरायला आला, तेव्हा मी बाकावर बसलो होतो. माझ्या शेजारी चौथीतल्या मुलांचे बाप आणि एका मुलाचा म्हातारा आजा.

"उठ बे. बाक भराचं हाये. उजेड हाये तोवर नदी उतरा लागते."

"कोनाचं बाक?"

"बोर्डाचं."

"आत्ताच सायबानं सही केली, का बाक या शायेचं हाये. उचलून नेशीन तर चोरी होईन भाऊ. साहेब पाटलाच्या घरीच हाये. बोलावू?"

बंडीवाल्यानं कारकुनाकडे पाहिलं. "मास्तर, तुमीच सांगा यायले."

"अहो, मी कसला मास्तर? मी तर कचेरीतला…" म्हणता म्हणता कारकुनानं पाटलाच्या घराकडे पाहिलं. साहेब खरोखरच हाकेच्या अंतरावर होता.

म्हातारा म्हणाला, "काऊन? मंघा त होते ना मास्तर? फेटा त तोच हाये!"

"गुरुजी," मी म्हणालो, "तुम्हीपण सहीनिशी आमचेच. चौथी बसून राह्यली. शिकवा."

त्यानं शिकवलं. रागारागानं खडू उचलला, पण शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. दिवस कलेपर्यंत मोठा भागाकार चालला होता. माझी बहीण उठून म्हणाली, "गुरुजी, राह्यलेलं उद्या सांगसान?" तो "हो हो" म्हणाला. बंडीवाला उजेडीच रिकामी बंडी घेऊन नदी उतरला होता; सकाळी उठून पाहतो तर गुरुजी पायीच पसार.

सामानासाठी बोर्डाचा माणूस आला. मी म्हटलं, "सामान उसनं होतं एवढं लिहून द्या, अन् खुशाल न्या." त्यानं मला दीडशहाणा म्हटलं, अर्ज खरडणारा भिकारी म्हटलं, तुरुंगाचं भ्या दाखवलं. लिहून मात्र दिलं नाही. कसं देईल?

मग पुढच्या गावचे लोक भांडायला आले. आमच्या भिंती रिकाम्या दिसतील, ग्रँट जाईल, तुझ्या बापाचं सामान हाये काय? मी म्हटलं, चला माझ्यासंगं बोर्डावर, मिळून विचारू. बोर्डावर यायला एकही तयार नव्हता. मला शिव्या द्यायला मात्र अख्खं गाव आलं होतं.

तर आता आमच्या शाळेत बाकं आहेत, घड्याळ आहे, जळकी लंका आहे. अहवालातलं तेवढं आम्ही खरं करून घेतलं. मास्तर तेवढा खोटा राहिला. बहीण चौथीच्या बाकावर जाऊन बसते. समोर कोणी नाही. आईनं तिला कापूस फुटेपर्यंतची मुदत दिली आहे.

त्याआधी पुन्हा तपासणी आहे, असं पाटलाच्या घरून कळलं. सामान आता आमच्याकडेच आहे, म्हणजे बंडीतून एकटा मास्तर येईल. येऊ द्या. शाळेत शिरताना तो रीतीप्रमाणं दाराशी जोडे काढतो. गेल्या खेपेला तो शिकवून निघाला तेव्हा त्या म्हाताऱ्या आज्यानं अदबीनं ते पुसून त्याच्या पायापाशी आणून ठेवले. पाहुण्याला जोडे द्यायचे ही आमची गावची रीत. चूक झाली ती तिथं. या खेपेला म्हातारा जोड्यांवर बसणार आहे.