बाबा गप्प राहिले तो रविवार

सोलापुरात लष्करी कायदा लागला त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवताना एकच वाद चाले. मशीहा आला तो कशासाठी?

बाबा आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझा धाकटा भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्या वैशाखात शहरात गोळीबार झाला आणि भावाचं बोलणंच बदललं.

"यहुदी लोक ज्याची वाट बघत होते," तो म्हणायचा, "तो राजा त्यांना परक्या सत्तेतून सोडवणार होता. तुमच्या मशीहानं काय केलं, बाबा? रोमचं राज्य होतं तिथंच राहिलं."

"त्यानं रोमपेक्षा मोठ्या मालकाच्या हातून सोडवलं."

"कोण तो मालक?"

"पाप. आणि मरण."

"मरण मी परवा चौकात पाहिलं. विणकर होता, बिचारा. माग सोडून नुसता बघायला आला होता."

बाबा ताटाकडे बघत राहायचे. आई करमाळ्याकडची. तिला हे वाद सहन होत नसत. "जेवा की आता," ती म्हणायची आणि दोघांच्याही ताटात न मागता भाकरी वाढायची.

पांढरी खादीची टोपी घातलेला माणूस रस्त्यात दिसला की शिपाई ती काढायला लावत, नाहीतर धरून नेत. मिशनच्या साहेबांनी निरोप पाठवला होता की मंडळीतल्या कुणीही ती घालू नये. बाबांनी तो भावाला सांगितला. भाऊ हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

त्या रविवारी उपासना सुरू झाली तरी तो आला नव्हता. बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून मी सारखी दाराकडे बघत होते. बाबांनी प्रवचनाला घेतला होता तो बायबलातला दुःख सोसणारा सेवक, जो इतरांचे अपराध आपल्या अंगावर घेतो आणि कापायला नेलेल्या कोकरासारखा तोंड उघडत नाही. बाबांचा आवाज त्या दिवशी कोरडा होता. ते सांगत होते, "मशीहा तलवार घेऊन आला नाही. आपल्या वाट्याची शिक्षा त्यानं स्वतः भोगली."

तेवढ्यात भाऊ आत आला. दारातच डोक्यावरची पांढरी टोपी काढून तो शेवटच्या बाकावर बसला आणि टोपी त्यानं शेजारी ठेवली. त्याच्या मागोमाग बुटांचा आवाज आला. एक गोरा सार्जंट आणि आपल्याकडचा एक हवालदार. सार्जंट दारात थांबला, आत येताना त्यानं हॅट काढली. हवालदार बाकांमधून चालत आला, त्यानं टोपी उचलली आणि वर धरली.

"कुणाची हाय ही?"

त्या बाकावर पाचसहा पुरुष होते. कुणी हललं नाही. हवालदारानं बाहेर रस्त्यात फक्त पाठमोरा माणूस पाहिला असावा. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. सगळी मंडळी मात्र बाबांकडे बघू लागली. मीही बघत होते. मला वाटलं, बाबा आता म्हणणार, माझी. दुसऱ्याची शिक्षा आपल्या अंगावर घेण्याचंच तर ते आत्ता सांगत होते. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. व्यासपीठाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

बाबा काहीच बोलले नाहीत.

भाऊ उभा राहिला. "माझी," तो म्हणाला. मग हात पुढे करून त्यानं टोपी मागितली. हवालदारानं त्याच्या दंडाला धरलं आणि ते गेले.

बाबांनी प्रवचन पुरं केलं नाही. आशीर्वाद दिला नाही. ते खाली उतरले आणि अनवाणीच शिपायांच्या मागून चालू लागले. मी मागे धावले. चौकीच्या फाटकाशी त्यांना अडवलं. त्या उन्हात ते तिथंच उभे राहिले. मी चपला आणून पुढे ठेवल्या, तरी त्यांनी पाय घातले नाहीत.

भावाला काही महिन्यांची शिक्षा झाली. त्याला दुसऱ्या गावच्या तुरुंगात हलवलं. आईनं बाबांशी बोलणंच टाकलं. एकदाच, चूल सारवता सारवता, ती म्हणाली, "तुम्ही माझी हाय म्हणाला असता, तर काय झालं असतं?"

"खोटं झालं असतं."

"अन् तुमच्या मशीहानं आपल्या सगळ्यांचं अंगावर घेतलं, ते?"

बाबा म्हणाले, "शब्द ओठावर आला होता. मला खोट्याची भीती वाटली की शिपायाची, ते मलाच कळत नाही."

भाऊ सुटून आला तेव्हा गालफडं बसली होती. आईनं त्याला आंघोळ घातली, लहानपणी घालायची तशी. जेवण झाल्यावर बाबा त्याच्यासमोर येऊन बसले.

"मी तेव्हा गप्प राहिलो," ते म्हणाले. "मला क्षमा कर."

"कशाची क्षमा? तुम्ही माझी म्हणाला असता, तर मी जन्मभर मान खाली घालून हिंडलो असतो. मला जे सांगायचं होतं ते तुम्ही हिसकावून घेतलं असतं."

"मग मशीहानं आपली जागा घेतली, ती?"

"तो आपल्या पापाच्या जागी उभा राहिला, बाबा. टोपी पाप नाही."

बाबांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी आई त्यांना म्हणाली, "ताक घेता का थोडं?" आणि त्यांनी वाटी पुढे केली.

पुढं साहेबांनी बाबांची बदली करमाळ्याच्या बाजूला एका खेड्यात केली. कारण कुणी सांगितलं नाही, बाबांनीही विचारलं नाही. आई माहेराजवळ जायचं म्हणून खूश होती. भाऊ शहरातच राहिला. दर सणाला तो गावी जायचा, आणि जेवताना दोघं पुन्हा भांडायचे, मशीहाचं राज्य या जगातलं की नाही यावर.