कापलेल्या कोपऱ्याचं शुभेच्छापत्र

मी धडधाकट जिवंत असताना माझ्या सासुरवाडीने माझा कडू घास आणला होता, आणि तो मी स्वतः दोनदा मागून खाल्ला.

(ज्या घरात मयत झालेलं असतं तिथे चूल पेटत नाही, म्हणून नातेवाईक जेवण घेऊन येतात. तो कडू घास. आमच्याकडे आला तो पिठलं-भाताचा होता आणि चवीला मुळीच कडू नव्हता!)

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. महाडच्या बाजारपेठेत एका छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, मस्टर, कोर्टाचे छापील फॉर्म. पण शेटनी कधीतरी शुभेच्छापत्रं छापायला घेतली आणि त्यांचा मजकूर मी लिहू लागलो. झालं! त्या दिवसापासून मी स्वतःला लेखक समजू लागलो. शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावायचो. एक चालायचं नाही.

त्या वर्षी मुंबईच्या एका दुकानदाराने दिवाळीसाठी खास स्त्रियांना पाठवायच्या कार्डांचा संच मागवला. आईला, बहिणीला, लेकीला, बायकोला, नणंदेला. मी एका बैठकीत पाचही लिहून दिली. शेटनी वाचली आणि चष्मा काढला.

"दत्ताराम, आई त्यागमूर्ती. बहीण त्यागमूर्ती. बायकोपण त्यागमूर्ती?"

"शेट, नणंदेला मी ममतेचा सागर केलंय."

"गेल्या वर्षीची कार्डं अजून माळ्यावर पडलीत! सोमवारी नवीन काहीतरी आण. नाहीतर पुण्याचे एक प्रोफेसर लिहून द्यायला तयार आहेत. तू मग आपले फॉर्म जुळव."

फॉर्म! माझ्यातल्या लेखकाला कापरंच भरलं. घरी आलो आणि माझी उत्तमोत्तम कल्पना बायकोला, सुमनला, वाचून दाखवली. "माउली, तुमची माया आठवली की डोळे भरून येतात. हे ऋण या जन्मी फिटणे नाही. पुढच्या जन्मी तुमच्याच पोटी येईन."

सुमन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या आईला पाठवून बघा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर खरं."

"येणारच!" मी गरजलो.

आता मजकूर झाला, पण कार्डात नावीन्य हवं ना? मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका शेजाऱ्याने मला एक विलायती कार्ड दाखवलं होतं. त्याच्या कडा नक्षीदार कापलेल्या. मी लगेच छापखान्यातल्या कटिंग मशिनवर आमच्या कार्डाचा एक कोपरा तिरका उडवला. काय झोकदार दिसलं! कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण हाताने फाडणं वेगळं आणि मशिनवर सफाईने कापणं वेगळं, असं माझ्यातल्या कलावंताचं मत पडलं. माझ्या वळणदार अक्षरात मजकूर लिहिला, पाकिटाशिवाय तसंच तिकीट चिकटवलं आणि पोलादपूरला सासूबाईंच्या नावाने पेटीत टाकलं.

ते पोचलं शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी मी आरशासमोर बसून दाढीला साबण फासत होतो, तेवढ्यात अंगणात एकच आक्रोश उठला. सुमन भांडी घासत होती. सासूबाई, सुमनची वहिनी आणि त्यांच्या शेजारच्या तिघी पहिल्या एसटीने येऊन थेट तिच्या गळ्यात पडल्या होत्या.

"सुमे, गो माजे बाय! रडून घे, एकदा मोकळी हो!"

आई रडतेय म्हटल्यावर सुमनने कुणाला काय झालं हे विचारण्याआधीच गळा काढला. बरोबर वडील दिसेनात, म्हणजे तेच गेले! "आबा! माझे आबा गो!"

"आबा येतायत मागून," सासूबाई हुंदक्यातून म्हणाल्या, पण त्या कल्लोळात ते कुणाला ऐकू जाणार? "सुमे, तू एकटी नाय. मी हाय ना. पोटात कायतरी गेलंय का काल धरनं?"

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. "वन्सं, तुमची खोली हाय तशीच ठेवलीय. कवापण या. कोन काय बोललं तर मी हाय."

"गरीब होता गो माजा जावय," सासूबाईंनी सूर लावला. "अक्कल बेताची, पन हात कदी उगारला नाय!"

हे शेवटचं मी ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मला आत फक्त "आबा, आबा" ऐकू येत होतं. सासरे गेले! मी तसाच धावलो. अंगात बनियन, तोंडाला कानापर्यंत पांढरा फेस.

"सासूबाई, धीर धरा. कधी झालं?"

"काल सांजच्याला कार्ड आलं नि..." त्यांनी वर पाहिलं. हातातली छत्री पडली. शेजारच्या तिघींपैकी दोघी कुंपणापलीकडे पोचल्या. तिसरी जागेवरच रामनाम म्हणू लागली.

"वन्सं, हे तर उभे हायत!" वहिनी किंचाळली.

"मग गेलं कोण?" सुमनने विचारलं.

"हे!" सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी?" मी म्हणालो. (यापेक्षा बरं वाक्य मला आजतागायत सुचलेलं नाही.)

वहिनीने कुंपणावर ठेवलेलं कार्ड दाखवलं. असलं पत्र घरात न्यायचं नसतं, म्हणून ते बाहेरच होतं. "अक्षर तुमचं, कोपरा कापलेला, नि वर पुडच्या जन्माची गोष्ट! मानूस काय समजल?"

"पण मेलेला माणूस स्वतःची खबर कशी लिहील?"

"आमाला वाटलं, आदीच लिवून ठेवलं आसंल. तुमाला लिवायची हौस!"

सुमनने कार्ड पाहिलं, कोपरा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि घासलेल्या भांड्यांवरच बसून हसू लागली. तिला हसताना बघून सासूबाई आधी पुन्हा रडल्या, मग मला वाट्टेल ते बोलल्या, मग म्हणाल्या, "कडू घास आनलाय तर गिळा आता." मग कळलं, आबा डेपोवरूनच नाते नावाच्या गावी गेलेत, तिथल्या पाव्हण्यांना कळवायला! दुपारी त्यांच्यासकट नऊ माणसं पांढऱ्या टोप्या घालून दारात हजर. प्रत्येकाने मला हात लावून खात्री करून घेतली. एकाने चिमटाही काढला. त्याला दुःख अनावर झालं होतं म्हणे.

पिठलं-भात वाढताना सुमनने अंगणातलं सगळं बोलणं सांगितलं आणि माझा घास थांबला. मी जेवता जेवता उठलो आणि दाढीचा फेस पुसायच्या कागदावर लिहायला बसलो. इतकी वर्षं मी बायकांना देव्हाऱ्यात बसवून लिहीत होतो. आणि लेकीवर आभाळ कोसळलंय असं वाटल्यावर आई काय म्हणाली? जेवलीस का! लेकीच्या कार्डावर लिहिलं, "तू एकटी नाहीस. मी आहे. आधी जेवून घे." नणंदेला, "तुमची खोली तशीच ठेवली आहे. कधीही या." बायकोचं कार्ड मात्र अडलं.

"सुमन, तुला काय लिहिलेलं आवडेल?"

"लिहा, आजचा चहा मी करतो."

"बस?"

"अहो, तेवढं तरी करून दाखवा!"

सोमवारी शेटनी कागद वाचला आणि तोंड कडू केलं. "ही कार्डं आहेत की चुलीजवळच्या गप्पा? नको, प्रोफेसरांनाच..." तेवढ्यात शेटीणबाई डबा घेऊन आल्या. त्यांनी कागद उचलला, नणंदेचं कार्ड पाहिलं. वाचलं. परत वाचलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या वहिनीने अशी एक ओळ जरी लिहिली असती ना..." आणि कागद पिशवीत टाकून चालू लागल्या! शेट मागे धावले. "अगो, तो छापायचाय!"

छापला. चारही कोपरे शाबूत ठेवून छापला. दिवाळीआधीच सगळी कार्डं खपली, पुन्हा छापली, तीही खपली. पुण्याचे प्रोफेसर पुण्यात राहिले. मी आठवडाभर बाजारातून छाती काढून फिरत होतो.

मग मुंबईच्या दुकानदाराचं पत्र आलं. शेटनी ते सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचलं. "ज्या भगिनीने हा मजकूर लिहिला तिला आमचा नमस्कार कळवावा. बाईचं मन बाईच जाणे. पूर्वी जे कोणी गृहस्थ लिहीत होते, त्यांना कृपया पुन्हा लिहायला देऊ नये."

"उत्तर काय देऊ?" शेटनी विचारलं.

काम टिकवायचं होतं. मी चालणारं पेन काढलं, आभाराच्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही ठोकली, "आपली नम्र भगिनी, सौ. दत्ताराम."