बाबासोंची तपासणी

शिरोळचे बाबासो ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचे. अंगानं धिप्पाड, आवाज खणखणीत. पण दोन हजार चार साली लघवी अडायला लागली, तेव्हा त्यांनी चकार शब्द काढला नाही. बायकोला, सरुबाईला म्हणाले, "डोळं तपासून येतो," आणि एकटेच राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, बोटानं प्रोस्टेटची ग्रंथी तपासली. रक्तातला पीएसएचा आकडा वाढलेला निघाला. "कॅन्सर असला तरी हा वाढतो, नुसती सूज असली तरी वाढतो," त्यांनी समजावलं. "आधी लघवीतला जंतुसंसर्ग बरा करू. मग परत रक्त बघू, सोनोग्राफी करू. सुई घालून तुकडा काढायचा का, ते त्यानंतर."

बाबासोंच्या डोक्यात कॅन्सर आणि सुई एवढंच राहिलं. अन्न गोड लागेना.

पुढच्या खेपेला सरुबाई हट्टानं सोबत निघाली. दवाखान्याच्या पाटीवरचं 'मूत्रविकार' तिनं सावकाश वाचलं आणि बाकावर बसली. रक्त देऊन झालं. सोनोग्राफीसाठी बाबासोंना बाटलीभर पाणी प्यायला लावलं, लघवी धरून ठेवायला सांगितलं.

"डोळ्याचा डॉक्टर लई पाणी पाजतोय की," ती हळूच म्हणाली.

बाबासोंनी मान खाली घातली. "सरू, कॅन्सर बी आसंल म्हणत्यात. तुला कसं सांगायचं?"

"मला न्हाई तर कुणाला सांगणार व्हता?" तिनं पदराआड त्यांचा हात धरला. मग त्यांचं ध्यान वळावं म्हणून म्हशीचं, जावेचं काहीबाही बोलत राहिली, नंबर लागेपर्यंत.

संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा बराच उतरला होता. ग्रंथी मोठी होती, पण संशय यावा असं काही दिसलं नव्हतं.

"सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण सगळं मिळून बघता आत्ता तुकडा काढायची गरज वाटत नाही. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी रक्त द्या. आकडा चढला, तर मात्र टाळायचं नाही."

"टाळणार न्हाईत," उत्तर सरुबाईनंच दिलं.

परतीच्या एसटीत हातकणंगल्याच्या पुढं बाबासो चुळबुळायला लागले. सरुबाई उठली.

"पावणं, गाडी थांबवा जरा. मला मळमळतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. ती रस्त्याकडेला डोकं धरून बसली, आणि बाबासो गुपचूप उसाच्या आडोशाला गेले. परत चढताना त्यांनी तिला दंडाला धरून वर घेतलं.

"बरं वाटतंय न्हवं?"

"आता वाटतंय," ती म्हणाली.