उताराकडे तोंड केलेल्या खुर्च्या

औलीच्या त्या हॉटेलात जेवणाच्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या काचेबाहेरच्या स्कीइंगच्या उताराकडे तोंड करून मांडल्या होत्या. उतार मात्र कोरडा, मातकट. चार दिवस आम्ही पाहुणे भाड्याचे गमबूट घालून नुसते चहा पीत बसलो होतो आणि वेटर रोज सांगायचा, "कल बर्फ गिरेगी, साब." मला त्याचा रागच यायचा. मग वाटायचं, आभाळालाच विसर पडल्यावर या बिचाऱ्याने काय आणून वाढायचं?

शेवटच्या सकाळी शेजारच्या टेबलावर साताऱ्याचे काका अभिप्रायाचा कागद भरत होते. समोर काकू, औषधांनी केस गेलेल्या डोक्यावर लोकरीची टोपी. बर्फ पाहायचाय म्हणून त्यांनी हट्ट केला, तेव्हा डॉक्टरांनी हा एवढा एक प्रवास करू दिला होता.

"पुन्हा याल का, असं विचारलंय," काका म्हणाले.

"हो लिहा. मी नसले तरी तुम्ही या. पडेल कधीतरी."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "आणि दाखवू कुणाला?"

काकू उताराकडे पाहत राहिल्या. आम्हीही पाहत राहिलो. खुर्च्याच तशा मांडल्या होत्या.