प्रेताशिवायचं गाणं

ओगलाय आत्या अमेरिकेच्या जत्रेतून परतली, तेव्हा डोंगरातलं आमचं अख्खं बोंतोक गाव तिच्या अंगणात लोटलं. गोऱ्यांनी तिला आणि आमच्या इतर माणसांना कुंपणात ठेवून तिकीट लावून दाखवलं होतं. वर पाटी, 'रानटी माणसं'. आत्या हसत सांगायची, "एक बाई माझ्या मागं वाकून शेपूट शोधत होती. म्हटलं, बाई गं, घरी विसरले!" सगळे खो खो हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं.

बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं, की गोऱ्यांना आमचं मरणाचं गाणं फार आवडायचं; रोज गायला लावायचे. झालं! आमच्यात मेलेल्याला घरापुढे खुर्चीत बसवतात आणि बायका गाऊन त्याला निरोप देतात. प्रेत नसताना ते गाणं कुणी गुणगुणतसुद्धा नाही, मरणाला आवतणच ते. तेव्हापासून कुणाच्याही मयताला आत्याला गाऊ देईनात. ती जायची, मागे बसायची, गप्प परत यायची.

मग तिची आईच गेली. आजीला खुर्चीत बसवलं. आत्या पुढे झाली, तशी म्हातारी फोमेग आडवी आली. मयताला कुणी गायचं, हे फोमेगच ठरवायची. तिचा मुलगा चाक्वाग आत्याबरोबरच जत्रेला निघाला होता. तो वाटेत वारला, एवढाच निरोप तिला आला होता.

"लांब हो! प्रेताशिवाय गायलीस तू. आता आईला हे उष्टं गाणं देतेस?"

"प्रेताशिवाय नाही गायले, काकू."

"मग कोण मेलं होतं तिथं?"

"तुझा चाक्वाग. आगगाडीत थंडीनं गेला. खुर्ची नाही, काही नाही, गुंडाळून घेऊन गेले. कुठं पुरला तेही सांगितलं नाही मेल्यांनी. ते 'गा' म्हणायचे, तेव्हा मी त्याच्यासाठीच गायचे. लोक टाळ्या पिटायचे. पिटू देत."

फोमेग आजीच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"मेलेल्याच्या आईचं नाव घ्यावं लागतं त्यात. माझं घेतलंस?"

"रोज घेतलं."

म्हातारीने डोळे पुसले आणि सरकून जागा केली.

"बस. आधी तुझ्या आईचं गा. मग माझ्या पोराचं म्हण, मला ऐकू दे. खुर्चीत माणूस आहे तोवरच म्हण."