ती माझ्यासोबत नाही

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, मुलीजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. जळगावातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त आहे — एवढं पुरे.

करोनाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. माझी मुलगी पल्लवी ऑस्ट्रेलियात असते, पर्थला. तिचं बाळंतपण होतं. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं मला कधीच जमलं नाही, म्हणून मी अक्काला बरोबर नेलं. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, भडगावला दिलेली. आमची आई गेली तेव्हा दोघींपैकी एकीला घर धरणं भाग होतं. अक्कानं शाळा सोडली. मी नाही सोडली. अक्का अहिराणीच बोलते. समजतं मात्र तिला बरंच.

तिकडे आमचे दिवस चांगले गेले. अक्का बाळाला तेल लावायची, शेक द्यायची, आणि पल्लवीचा नवरा लांब उभा राहून बघत असायचा. टीव्हीवर रोज त्या आजाराच्या बातम्या. दुकानातले संडासाचे कागद संपले म्हणून माणसं एकमेकांशी भांडताहेत, हे बघून अक्का तोंडाला पदर लावून हसली होती. मग भडगावहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे अक्काचे यजमान, फार न बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, ‘आते या घर’ — आता घरी या. आम्ही निघालो.

मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं होतं. अक्का विमानात पाणी प्यायली नव्हती. तिथल्या संडासाची तिला भीती वाटायची, म्हणून थेंब घेतला नाही. उतरलो तेव्हा तिचा हात गरम लागला. मला कळलं होतं — हे आधी सांगून टाकते. कळलं होतं, आणि मी काही बोलले नाही. रांगेत शिरताना तिचा पासपोर्ट मी तिच्या हातात दिला. तो नेहमी माझ्या पर्समध्ये असायचा. तेव्हाच का दिला? खरंच सवयीनं दिला का?

ताप बघायला यंत्र लावलेलं होतं. मी पुढे गेले. मागे अक्काला थांबवलं. तोंड झाकलेली, हातमोजे घातलेली एक मुलगी तिला काहीतरी विचारत होती आणि अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होती, ‘ती मनी बहीण शे. मनी बहीण शे ती.’ माझी बहीण आहे ती, असं मोठ्यानं, बाजारात हाक मारावी तसं. सगळे बघायला लागले. दोघीतिघी तिच्यापासून सरकून उभ्या राहिल्या.

ती मुलगी माझ्याकडे आली. अदबीनं विचारलं, या तुमच्यासोबत आहेत का?

मी म्हणाले, नो.

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. पुढे मी चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की या बाई मला विमानात भेटल्या, मी त्यांना ओळखत नाही. मानही हलवली. अक्का चार हातांवर उभी होती. ‘नो’ कळायला इंग्रजी शिकावं लागतं का?

मी मागे वळले नाही. पुढचं विमान मिळालं. जागेवर बसले, पट्टा लावला, जेवण आलं ते जेवलेसुद्धा.

मुंबईत उतरल्यावर अक्काच्या मुलाला, सुनीलला, फोन केला. रडले. म्हणाले, अरे, माझ्या हातातून ओढून नेलं रे तिला, मला थांबूच दिलं नाही. रडणं खरं होतं. बाकीचं नव्हतं. पल्लवीनं तिकडे फोन करून करून अक्काचा दवाखाना शोधला. मला म्हणाली, ‘आई, ते म्हणतात मावशी एकटीच प्रवास करत होती. असं कसं?’ मी म्हणाले, त्या गोंधळात कुणी काय लिहिलं असेल कुणास ठाऊक. तिनं मान्य केलं. मुली आईचं मान्य करतात.

अक्काला करोना नव्हताच. पाणी न प्यायल्यानं लघवीचा त्रास होऊन ताप चढला होता. पण तिचं बोलणं तिथं कुणाला कळेना, आणि तिच्या बाजूनं बोलणारं जवळ कुणी नव्हतं. त्यानंतरही काही दिवस विमानं चालू होती. मी थांबले असते तर दोघी मिळून त्यातल्याच एखाद्या विमानानं आलो असतो. मग विमानं बंद झाली. दवाखान्यातून सोडल्यावर तिथल्या एका तमिळ कुटुंबानं तिला घरी ठेवून घेतलं.

इकडे सगळं बंद असतानाच आबा गेले. छातीत दुखलं आणि गेले. अंत्ययात्रेला पोलिसांनी मोजकी माणसं जाऊ दिली. अक्काला कोण सांगणार? सगळ्यांचं म्हणणं पडलं — मावशी, तुम्हीच सांगा, ती तुमचं ऐकते. मी फोनवर सांगितलं. अक्कानं विचारलं, आंघोळ नीट घातली का त्यांना, पाणी कोमट होतं का. मी हो म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. मी जळगावात होते.

सरकारनं सोडलेल्या विमानानं अक्का परतली तेव्हा आबांचं सगळं आटोपून कितीतरी दिवस झाले होते. कपाळ मोकळं. सुनीलची बायको सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली — मावशींनी फोन करून करून आईला आणलं म्हणून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अक्का समोरच बसली होती.

पुढच्या एका उन्हाळ्यात मी भडगावला गेले होते. आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. खाली कुणी नव्हतं. साच्याची मूठ फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता अक्का म्हणाली, ‘त्या पोरगीले तू काय सांगं व्हतं?’

आवाजात राग नव्हता. आता वाटतं, तिला ठाऊकच होतं. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं — आणि ऐकून बहुधा तिनं ते तिथंच मिटवलं असतं. त्या दुपारी खरं सांगायला मला कुणाची भीती होती? ना तापाची, ना परक्या मुलखाची, ना कुणी मला अडवून ठेवणार होतं.

अक्काशी मी आयुष्यभर अहिराणीतच बोलत आले. त्या वेळी माझ्या तोंडून शाळेतली मराठी निघाली. म्हणाले, ‘मी सांगितलं की तू माझी बहीण आहेस. त्यांनी ऐकलंच नाही.’

अक्कानं माझ्याकडे बघितलं. ‘बरं,’ म्हणाली, आणि साच्यात चीक भरायला लागली.

अक्का आहे अजून. मी जाते, ती मला जेवू घालते. तिनं पुन्हा विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.